मोकळे दगड

खरं सांगतोय असं म्हणून लोक खोटं सांगतात, त्यामुळे मी शपथ घेत बसत नाही. गावाचं नाव मात्र सांगणार नाही. तिथली माणसं अजून तिथेच राहतात. डोंबिवलीहून मलंगगडाच्या रस्त्याला लागलं की पुढे एक बुटकी टेकडी आहे, एवढं पुरे.

गेल्या वर्षी. होळीच्या आदल्या दिवशी. दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी.

रात्र, अमावस्या, पिंपळ असलं काही नाही. डोक्यावर ऊन होतं आणि टेकडीखाली दोनशे माणसं बिर्याणीची वाट बघत होती.

हे घडलं केतनच्या बाबतीत. केतन म्हणजे माझ्या बहिणीचा, मेघालीचा नवरा. रेडीमिक्स काँक्रीटचा धंदा, डोंबिवलीत सातव्या मजल्यावर फ्लॅट, गळ्यात म्हशीला बांधावी तशी चेन. नाकी नऊ आणणारा माणूस. त्याला महापालिकेचं तिकीट हवं होतं आणि तिकिटासाठी काहीतरी दाखवायला हवं होतं. त्याच्याकडे दाखवण्यासारखं काय होतं? सिमेंट.

म्हणून त्याचं इतिहासप्रेम अचानक उतू गेलं.

त्या टेकडीवर एक लढाई झाली असं गावात सांगतात. पेशवाई बुडून गोऱ्यांचं राज्य नुकतं आलेलं. चाळीस माणसं एका रात्रीत वर चर खणून बसली. कंपनीची पलटण दोनदा चढून आली आणि दोनदा मार खाऊन उतरली. तिसऱ्यांदा आली तेव्हा बंदुकीची दारू संपलेली.

मग त्यांनी दगड उचलले.

"जिंकलं कोण?" केतनने लहानपणी बापाला विचारलेलं.

"अजून ठरलंय कुठं," दामाजीबाबा म्हणाले होते.

म्हणून टेकडीवर जाणारा प्रत्येक जण ओढ्यातला एक दगड घेऊनच चढतो आणि वरच्या ढिगावर ठेवतो. लग्न होऊन आली तेव्हा मेघालीच्याही हातात एक दिलेला. ढीग झोपडीएवढा झालेला. आणि दरवर्षी होळीच्या आदल्या दुपारी वरून आवाज येतो. आधी बुटांचा. मग दगडांचा. मग सगळं शांत. गावातल्या बायका म्हणतात, "परतले," आणि भात वाढायला घेतात.

केतन म्हणायचा, खाणीत सुरुंग लावतात. मीही तेच म्हणायचो.

बाबा एकटेच राहायचे, टेकडीच्या पलीकडच्या उतारावर. वरून उतरणाऱ्या पायवाटेवर पहिलं घर त्यांचं. केतन त्यांना फ्लॅटवर बोलवायचा, तेही लोकांसमोर. बाबा जायचे नाहीत.

"ते खाली उतरले तर पयलं दार आपलं हाय," एवढंच म्हणायचे.

केतनने तो ढीग काँक्रीटमध्ये ओतला. पंप लावून, एका दिवसात. वरून गुळगुळीत फिनिशिंग. पुढे बोर्ड. लढणाऱ्यांची नावं कुणालाच माहीत नव्हती, म्हणून बोर्डावर केतनचा गॉगलवाला फोटो, आणि कोपऱ्यात बोटाएवढा एक भालेवाला.

बाबा काठी टेकत वर आले. ओल्या काँक्रीटला हात लावून बघितला.

"दगड मोकले ऱ्हायला पायजेत, पोरा."

"बाबा, ते पडतात इकडंतिकडं. घाण दिसतं. आता बघा, शंभर वर्षं हलणार नाय."

"तेच सांगताव. उद्या ते काय फेकतील?"

केतन हसला. त्याची माणसंही हसली, कारण तो हसला होता. बाबा काठी टेकत उतरले.

उद्घाटनाच्या दिवशी तिकीट देणारे साहेब यायला उशीर करत होते. केतन आणि त्याचा माणूस विनीत बोर्डावरचा पडदा नीट करायला वर गेले. हात रिकामे. खाली डीजे वाजत होता.

एक वाजून दहा मिनिटांनी डीजे बंद पडला.

जनरेटर गेला असेल. पण मग माणसांचा आवाज यायला हवा होता. दोनशे माणसं खाली होती, खुर्च्या सरकत असतील, पोरं रडत असतील...

काहीच नाही.

वारा पडला. पडदा हलायचा थांबला.

आणि मग... उतारावरून...

ठप. ठप. ठप.

"दादा," विनीत म्हणाला, "साहेब आले वाटतं."

केतनने शर्ट खोचला. खरंच खोचला, त्यानेच मला सांगितलं. पुढे होऊन खाली बघितलं. वाट रिकामी होती. ऊन, पिवळं गवत आणि मध्ये करवंदीची जाळी.

बुटांचा आवाज जाळीपर्यंत आला. एकाच वेळी पडणारे शंभरेक बूट. लहानपणापासून ऐकलेलं त्याला आठवलं. जाळीपाशी ते थांबतात. तिथेच दगड पडायला लागतात.

आवाज थांबला.

केतन वाट बघत राहिला. कशाची वाट बघतोय हे कळल्यावर त्याच्या पाठीला घाम फुटला.

दगड पडले नाहीत.

त्याऐवजी मागून... अगदी मागून... काँक्रीटवर नखं घासल्याचा आवाज आला.

कर्र... कर्र...

एक हात नाही. खूप हात. घाईघाईने. त्या गुळगुळीत फिनिशिंगवर पांढरे ओरखडे उमटत होते. ते हात खाली बोटं घालायला जागा शोधत होते, आणि जागा नव्हती.

विनीत पळाला. आजही तो डोंबिवलीच्या पुलावर केतन दिसला तर रस्ता बदलतो.

मग ओरखडे थांबले. सगळे एकदम.

ठप. ठप. ठप.

बूट वर आले. बंदुकीच्या जळक्या दारूचा वास आला. केतनच्या दोन्ही बाजूंनी काहीतरी गेलं, त्याच्या बाह्या हलल्या. आणि आवाज पलीकडच्या उतारावरून खाली जाऊ लागला. सावकाश.

बाबांच्या घराकडे.

धावला असता तर तो आधी पोचला असता. पायाखालची वाट होती, पाच मिनिटांची. हा इतिहासप्रेमी माणूस उलट्या बाजूला पळाला. गाडीत बसला, काचा वर केल्या, एसी लावला आणि मोबाईलवर आरती लावली.

आरती मध्येच थांबली. फोन वाजत होता.

बाबा.

त्याने उचलला नाही. पुन्हा वाजला. त्याने फोन सीटवर पालथा टाकला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले होते. तीनही मिस्ड कॉल मी बघितलेत. एक बावीस, एक पंचवीस, एक सव्वीस.

डीजे पुन्हा सुरू झाला. खाली आम्हाला कुणालाच काही कळलं नव्हतं. लोक म्हणाले, बंद कधी पडला?

आम्ही बाबांच्या घरी पोचलो तेव्हा अंगणात सामान पडलं होतं. फाटकापाशी वरवंटा. त्याच्या अलीकडे बत्ता, मग पितळी तांब्या, चपला, देव्हाऱ्यातली घंटा. जितकं दाराच्या जवळ, तितकी वस्तू हलकी. चष्म्याची डबी. दाढीचा ब्रश.

सगळ्यात जवळ, उंबऱ्यापासून दोन हातांवर, बाबांचा मोबाईल.

अंगणात पावलाचा एकही ठसा नव्हता. बाबा उंबऱ्यात बसलेले. उजवा हात वर, फेकायला उचललेला. मुठीत काही नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक. वय झालेलं.

मी केतनला कधीच भाव दिला नाही, आताही देत नाही. तिकीट दुसऱ्याला मिळालं, त्याचंही मला वाईट वाटलं नाही. त्याने ब्रेकर लावून ते काँक्रीट फोडलं, पण दगड सुटे झाले नाहीत. गठ्ठेच निघाले, चार माणसांना न उचलणारे. आता तो रोज सकाळी ओढ्यातून एकेक दगड वर नेतो. मजूर लावून बघितले. मजुरांनी नेलेले दगड दुसऱ्या दिवशी ओढ्यात परत येतात. चेन विकली की काढून ठेवली, माहीत नाही. गळा मोकळा असतो.

गेल्या रविवारी मी मेघालीकडे गेलो. दाराच्या आत, चपलांच्या स्टँडशेजारी, दगडांनी भरलेली बादली होती. सातव्या मजल्यावर.

मी येताना एक दगड उचलून बघितला, हातात नीट बसतो का ते.

तिने बघितलं. "घेऊन जा," म्हणाली. "तुझा तर दुसराच मजला आहे."

टेकडीवरचा ढीग गुडघ्याएवढा झालाय. होळीला तेवीस दिवस उरलेत.