तिघांचं एकमत

त्यांच्या जिन्यातला दिवा आपला आपणच लागायचा. माणसाच्या अंगाची ऊब आणि हालचाल कळली की पेटायचा, माणूस पुढे गेला की विझायचा. नवऱ्याने तो हौसेने बसवून घेतला होता. जंगलातल्या कॅमेऱ्यांची हीच तर युक्ती, असं तो येईल-जाईल त्याला सांगायचा आणि बायको मनात म्हणायची, झालं सुरू!

ती निवृत्त मुद्रितशोधक. बत्तीस वर्षं छापखान्यात लोकांच्या चुका काढता काढता डोळ्यांची पार वाट लागलेली. आता तरी सुखाने बसावं, तर नवरा प्राणी मोजणाऱ्या हौशी मंडळात शिरला आणि तिलाही ओढलं. तो दर आठवड्याला ओढ्याकाठच्या जंगलात जाऊन झाडांना बांधलेल्या बारा कॅमेऱ्यांची कार्डं बदलून आणायचा. ही घरबसल्या संगणकावर फोटो बघून प्रत्येकात काय आहे ते नोंदवायची. कोल्हा, साळिंदर, माणूस, नाहीतर ‘काही नाही’. एकेक फोटो तीन जणांकडे जायचा. तिघांचं उत्तर जुळलं की नोंद बंद. मग ती पुन्हा उघडायची सोय नव्हती.

बहुतेक फोटोंत वाऱ्याने हललेलं गवतच असायचं. ‘काही नाही’ दाबून दाबून तिचं बोट आपोआप चालायला लागलं होतं. कधी संपणार हे, असं तिला रोज वाटायचं आणि तरी ती रोज बसायची, कारण संध्याकाळी नवरा लहान मुलासारखा विचारायचा, आज काय दिसलं?

मागच्या महिन्यात अकरा नंबरच्या कॅमेऱ्यात नेहमी येणारं कानतुटकं रानमांजर असंच तिच्या हातून निसटलं. बोट आधी पडलं, डोळ्यांनी मागून पाहिलं. पडद्यावर पाटी आली: तिघांचं एकमत, नोंद बंद. तिने मंडळाच्या संयोजक बाईंना फोन केला. त्या बिचाऱ्या चाळीस हजार फोटोंखाली दबलेल्या.

“अहो, तिघांना दिसलं नाही म्हणजे नव्हतंच ते,” त्या म्हणाल्या. “सोडून द्या. मीही दमलेय.”

त्यानंतर ते मांजर कुठल्याच कॅमेऱ्यात आलं नाही. मरतात प्राणी, त्यात काय एवढं. पण तिने त्याचे जुने सात फोटो स्वतःसाठी वेगळे ठेवले होते. एके दिवशी ते उघडले. सातही फोटोंत नुसतं गवत होतं. मधोमध दबलेलं, अंगाखाली दबावं तसं. तिने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. नवऱ्याला सांगितलं तर तो हसला आणि म्हणाला, भलतेच फोटो जपून ठेवलेस, चार दिवस सुट्टी घे. घ्यायला हवी होती.

आज तो जंगलात गेला होता. जेवण उरकून ती गेल्या आठवड्याचे फोटो घेऊन बसली. गवत. काही नाही. गवत. काही नाही. डोळ्यांवर झापड आलेली, बोट चाललेलं. एक फोटो पडद्यावरून जाता जाता तिला शर्टाची बाही दिसली. कोपरावर रफू केलेली. ते रफू तिनेच केलं होतं.

तिघांचं एकमत, नोंद बंद.

तिने बटणं दाबून पाहिली. मग संयोजक बाईंना लिहिलं, त्या फोटोत माणूस आहे, माझा नवरा आहे, कृपा करून उघडा. उत्तर लगेच आलं. तेच, मागचंच.

तिने नवऱ्याला फोन लावला. त्याने उचलला, तेव्हा तिला रडूच आलं.

“अगं, आज काय झालंय कळत नाही,” तो म्हणाला. आवाज दमलेला. “एकाही कॅमेऱ्याचा लाल दिवा लागत नाही. समोर उभा राहून हात हलवले. बाराच्या बारा सेल एकदम कसे संपतील?”

“तुम्ही आधी घरी या.”

“निघालोच होतो. स्टॉपवर उभा आहे, पण दोन बस न थांबताच गेल्या. चालत येतो आता.”

भिंतीवर दोघांचा लग्नातला फोटो होता. तिने त्याच्याकडे पाठ केली. दार सताड उघडलं आणि उंबऱ्याच्या आत खुर्ची घेऊन बसली. जिन्यातला दिवा लागायला हवा होता तो त्याच्यामुळे, तिच्यामुळे नाही. तेवढंच तिला बघायचं होतं. देवा, एवढं एकच.

दिवेलागण झाली. समोरच्या इमारतीत खिडक्या उजळल्या.

मग खालून पावलं आली. त्याचीच. डावा गुडघा दुखायचा म्हणून दर तिसऱ्या पायरीला थांबणारी. त्याचं खाकरणंही आलं.

पावलं मधल्या वळणापर्यंत आली.

जिना अंधारातच होता.

पावलं दारापर्यंत आली आणि थांबली. जंगलातल्या ओल्या पाल्याचा वास आला.

“अगं,” अंधारातून तो अगदी जवळून म्हणाला, “दिवा का लागत नाही?”

तिने हात उंबऱ्याबाहेर काढला.

दिवा लख्ख लागला. दाराबाहेरचं पायपुसणं मधोमध दबलेलं होतं, दोन पावलांएवढं.