आवाज वाढवा जरा

दिग्रसच्या बसस्टँडमागच्या गल्लीत इंद्रजितचं दुकान आहे. गाड्यांना टेप-स्पीकर बसवून द्यायचे, हा त्याचा धंदा. कापसाचा हंगाम ऐन भरात होता, जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांनी रस्ता अडवून धरला होता. त्या गर्दीतून वाट काढत मधुसूदनरावांची जुनी पांढरी कार एका सकाळी त्या दुकानापुढे येऊन थांबली. काम अगदी साधं होतं. गाडीतल्या टेपचा आवाज वाढवून घ्यायचा होता. यात भिण्यासारखं काय आहे, असं तुम्ही म्हणाल. मधुसूदनरावांनाही तेव्हा तसंच वाटत होतं.

तहसील कचेरीतून निवृत्त झालेला माणूस, घरी एकटा. मुलगी मधुवंती पुसदला बँकेत, सुट्टीला येऊन जायची. बायको रजनी जाऊन दोन वर्षं झाली होती.

"काका, हा कंपनीचा टेप अजून चालते?" इंद्रजितनं खिडकीतून आत डोकावून विचारलं. "कायले ठेवता त्याले? काढून फेका. मस्त टचस्क्रीन लावून देतो, मोबाईल जोडा आन् गाणे ऐका."

"टेप हाच राहील," मधुसूदनराव म्हणाले. "त्याला हात लावायचा नाही. आवाज मात्र मोठा पाहिजे. खूप मोठा."

इंद्रजितनं डोकं खाजवलं. म्हाताऱ्या माणसांचे असे हट्ट त्याला नवीन नव्हते. "जमते नं, काहून नाही जमणार? टेपच्या मागून वायर काढतो, सीटखाली ॲम्प्लिफायर ठेवतो. समोरचे दोन स्पीकर बदलतो आन् मागच्या फळीवर दोन नवे बसवतो. टेप तुमचाच, ताकद दुसऱ्याची."

तो वायरी बघायला मागच्या सीटवर वाकला आणि जरा थबकला.

"काका, मागं कोण बसते हो?"

"कोणी नाही. मी एकटाच तर असतो."

"मंग ही डावी बाजू अशी काहून दबली? रोज माणूस बसल्यासारखी खोल गेली हाये."

"जुनी गाडी आहे बाबा," मधुसूदनराव म्हणाले, आणि संध्याकाळी येतो असं सांगून घरी गेले.

आता हा आवाजाचा हट्ट कुठून आला, ते सांगायला हवं.

रजनीचं हृदय अधू होतं. दोन वर्षांपूर्वी ते तिला याच गाडीतून यवतमाळला डॉक्टरकडे घेऊन निघाले होते. ती शेजारी, डाव्या सीटवर. टेपवर तिची आवडती भावगीतं लावलेली. आर्णीला पाण्याची बाटली घ्यायला ते उतरले. परत आले तर मागचं डावं दार अर्धवट उघडं होतं. आपणच नीट लावलं नसेल, असं म्हणत त्यांनी ते लोटलं आणि गाडी पुढे काढली. गाव मागं पडलं तशी रजनी म्हणाली, "अहो, आवाज वाढवा ना जरा."

त्यांनी वाढवला. थोड्या वेळानं ती पुन्हा म्हणाली, "अजून." मग पुन्हा. गाडीची दारं थरथरायला लागली तेव्हा त्यांना हसू आलं. आज भलतंच गाणं चढलंय बाईसाहेबांना, असं वाटलं. तिनं डावा तळवा कानावर टेकवून डोकं खिडकीकडं कलतं केलं होतं. तिचा डोळा लागला असं समजून ते म्हणाले, "झोप तू. आलंच आता यवतमाळ." तिची झोप मोडू नये म्हणून त्यांनी आवाज अगदी कमी केला. यवतमाळला पोचले तेव्हा ती गेलेली होती. तळवा तसाच कानाला चिकटलेला. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास तरी झाला असेल.

तिनं शेवटी मागितलं ते एवढंच. आणि आपण ते द्यायचं सोडून काढून घेतलं, ही गोष्ट त्यांना खात होती. अन्न गोड लागत नव्हतं.

पुढं काही महिन्यांनी टेपमधून ती बोलायला लागली. गाडीतला रेडिओ लावला आणि दोन स्टेशनांच्या मधे नुसती खरखर सुरू झाली, की त्या खरखरीच्या तळाशी, फार लांबून यावा तसा तिचा आवाज यायचा. "वाढवा ना…" मधुसूदनराव घाबरले नाहीत. स्वतःच्या बायकोला कोण भितो? उलट त्यांना रडू यायचं. ते बटण शेवटपर्यंत फिरवायचे. तरी ती म्हणायची, "अजून…" कंपनीच्या त्या जुन्या टेपात आणखी दम नव्हता. म्हणून ते इंद्रजितकडे गेले. टेप बदलला तर रजनी जाईल, आणि आवाज वाढला नाही तर ती मागतच राहील. सगळा हट्ट तो एवढ्यासाठी.

संध्याकाळी गाडी तयार होती. इंद्रजित गिऱ्हाइकात गुंतला होता, त्यानं लांबूनच चावी दिली. मधुसूदनराव थेट आर्णीच्या रस्त्याला लागले. दिवस मावळत होता. रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना कापसाचे पुंजके अडकले होते. कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या जाळल्याचा वास गाडीत भरला होता. मोकळ्या रस्त्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली, काचा वर केल्या, रेडिओ दोन स्टेशनांच्या मधे आणून ठेवला आणि बटण फिरवलं.

खरखर एवढी मोठी झाली की छातीत जाणवली. आणि मग, दोन वर्षांत पहिल्यांदा, रजनी अगदी शेजारी बसल्यासारखी बोलली.

"अहो… वाढवा ना."

"वाढवला, रजनी. बघ, केवढा मोठा केला," ते म्हणाले. "आता येतं ना गाणं नीट ऐकू?"

"गाणं नको मला… याचं बोलणं ऐकू यायला नको."

"कोणाचं?"

खरखर चालूच होती. मग फार हळू आवाज आला.

"मागं बसलाय त्याचं…"

मधुसूदनरावांना मागं वळून बघवेना. आणि तेवढ्यात मागच्या फळीवरच्या नव्या स्पीकरांतून पुटपुटणं सुरू झालं. सपाट, संथ, न थांबणारं. शब्द कळत नव्हते. कोणीतरी पुढं वाकून एखाद्याच्या कानाशी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत असावं, तसा सूर. त्यांनी टेप बंद केला. खरखर थांबली, रजनी थांबली. मागचं पुटपुटणं थांबलं नाही.

ते दार उघडून बाहेर पडले आणि अंधार होईतो रस्त्याच्या कडेला उभे राहिले. दोन वर्षं ती आपल्याकडे गाणं मागत नव्हती, हे त्यांना तिथं उभ्या उभ्या कळलं. ती त्या बोलण्यावर झाकण मागत होती. आणि त्या दिवशी आपण लाडानं ते काढून घेतलं होतं. शेवटी सगळं शांत झाल्यावर ते रामराम म्हणत गाडी घरी घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच ते दारात उभे.

"सगळं काढून टाक," ते इंद्रजितला म्हणाले. "ते मागचे स्पीकर आधी काढ."

"काहून काका? आवाज आवडला नाही का?"

"मागून भलतंच ऐकू येतं."

इंद्रजितनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "मागून कसं ऐकू येईन? मागचे तं जोडलेच नाही मी. वायर कमी पडली. तुम्हाले सांगाचं राहूनच गेलतं."

मधुसूदनराव गाडीपासून दोन पावलं मागं सरले. इंद्रजितनं सगळं काढलं, जुने स्पीकर परत बसवले. मागची सीट त्यानं दोन्ही हातांनी ओढून, थोपटून सारखी केली. गाडी निघताना त्यानं पाहिलं, तर डावी बाजू पुन्हा दबलेली होती. पण म्हाताऱ्या माणसाला आणखी कशाला घाबरवायचं, म्हणून तो गप्प बसला.

गाडी विकून टाकायची, असं मधुसूदनरावांनी ठरवलं. तोवर ती अंगणात ताडपत्रीखाली झाकून ठेवली. मधुवंती सुट्टीला आली तेव्हा तिला ताकीदच दिली, "त्या गाडीत बसायचं नाही. ब्रेक गेलेत." त्यांच्या जिवाला आता एकच घोर होता. त्या गाडीत मुलीचा पाय पडता कामा नये.

आणि नेमकं झालं काय, तर दुसऱ्या दिवशी दुपारी जेवता जेवता त्यांचा उजवा हात ताटात पडला. तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली. मधुवंतीनं ॲम्ब्युलन्सला फोन केला, तर ती दुसऱ्या गावी गेलेली. शेजारचे दोघं धावत आले. "चावी कुठं हाये गाडीची? अशानं उशीर होईन पोरी," एकजण म्हणाला. मधुसूदनराव नको नको अशी मान हलवत राहिले. तोंडातून नुसता घरघर आवाज. सांगायचं म्हटलं तरी सांगणार कसं? शेजाऱ्यांनी ताडपत्री ओढली आणि त्यांना उचलून गाडीत ठेवलं. डाव्या सीटवर, रजनीच्या जागेवर. मधुवंतीनं गल्लीतच ब्रेक दाबून पाहिला. ब्रेक चांगला होता.

ती यवतमाळच्या दवाखान्याकडे गाडी हाकत होती आणि डोळे पुसत होती. वडिलांना बरं वाटावं म्हणून तिनं टेप लावला. आईची भावगीतं. बाबांचे ओठ सुकलेले पाहून आर्णीला ती पाणी घ्यायला उतरली. परत आल्यावर म्हणाली, "बाबा, मागचं दार उघडंच राहिलं होतं की." तिनं ते लावलं.

गाव मागं पडलं. आणि डाव्या कानामागं गार श्वास आला. मग पुटपुटणं. या सीटवर बसल्यावर शब्द कळत होते. एवढे स्वच्छ, की न कळायची सोयच नव्हती.

"हिला नेऊ, का तू येतोस?"

थोडं थांबून पुन्हा तेच. उत्तराची वाट पाहिल्यासारखं थांबायचं, आणि पुन्हा तेच. मधुसूदनरावांना तेव्हा उमगलं, त्या दिवशी रजनीला कोणाबद्दल विचारलं जात होतं. आणि तिनं शेवटी काय उत्तर दिलं, तेही. त्यांना ओरडायचं होतं, मधुवंतीला गाडीतून उतरवायचं होतं. पण जीभ दुसऱ्या कुठल्या शब्दाकडे वळेचना. तोंडातून निघालं ते एवढंच.

"आवाज… वाढव…"

मधुवंतीला केवढं बरं वाटलं. बाबा बोलले. तिनं लगेच वाढवला.

"अजून…"

तिनं बटण फिरवलं. ते शेवटाला जाऊन टेकलं. "एवढाच आहे बाबा, याच्यापुढं जात नाही," ती म्हणाली. "टेप जुना आहे ना."

मधुसूदनरावांनी कसाबसा डावा हात उचलला, तळवा कानावर दाबला आणि डोकं खिडकीला टेकलं. काचेपलीकडं बाभळी पळत होत्या. गाण्याच्या खालून अजून थोडं थोडं ऐकू येतच होतं. गाणं आहे तोवर उत्तर न देता राहता येईल, एवढं तरी होतं.

मधुवंतीनं वळून पाहिलं. बाबांचा डोळा लागला होता बहुतेक.

"झोपा बाबा," ती मायेनं म्हणाली. "आलंच आता यवतमाळ."

आणि त्यांची झोप मोडू नये म्हणून तिनं आवाज अगदी कमी केला.