जेटी काठावर वाळतेय

“ब्रश उचलण्याआधी खाली बघायचं. खाली जमीन असेल तर रंग लाव. पाणी असेल तर फळी काढ, काठावर ने, आणि मगच हात लाव.”

बाबांचं हे सांगणं तिने लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं, की ते आता कानात नव्हे, मनगटात मुरलं होतं. लाकूड रंगवण्यात बाबांचं आयुष्य गेलं. आता त्यांचा हात थरथरायचा, म्हणून तलावावरच्या लाकडी जेटीचं काम तिने एकटीने घेतलं होतं. पहिलंच. सगळी वस्ती हे पाणी पिते, तेव्हा एक थेंबही खाली जाऊ देणार नाही, असा शब्द ती बाबांना देऊन आली होती. बाबांचा नेमही तिने पाळायचं ठरवलं होतं : ज्या पाण्यावर काम करायचं, त्याची एक ओंजळ रोज कामाआधी प्यायची. जे आपल्याला पिववत नाही, ते दुसऱ्याला कसं द्यायचं?

त्या सकाळी दाट धुकं होतं. मधल्या फळ्यांचे स्क्रू काढून तिने त्या उचलल्या, काठाच्या बाजूला लाल फडकं बांधलं. कुणी पाण्याच्या बाजूनेही येऊ शकतं, हे मात्र तिच्या ध्यानीमनी नव्हतं. धुक्यातून एक शीळ आली, होडीचं नाक जेटीला टेकलं, आणि हातात दोरी घेतलेल्या कुणीतरी तोऱ्यात उडी मारली…

पुढच्याच क्षणी तो माणूस दिसेनासा झाला.

ती हातात फळी धरून तशीच उभी. खालून, छातीभर पाण्यातून, ओलं डोकं वर आलं. त्याने आधी आकाशाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“जेटी कुठे गेली?”

“काठावर. वाळतेय.”

“सगळी?”

“नाही… तुमच्या पायाखालची तेवढी.”

तिकिटाच्या खिडकीत बसलेल्या बाई हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. त्या त्याच्या सख्ख्या आत्या. भाचा नावाडी, पण घाईमुळे सगळे त्याला तुफान म्हणतात, ही माहिती त्यांनीच तिला पुरवली. आज तुफान पहिल्यांदा जमिनीवर न येता थेट पाण्यात शमलं, असंही वर म्हणाल्या.

तुफानाने आधी भांडून पाहिलं. जेटी बंद म्हणजे त्याला प्रवासी चिखलात उतरवावे लागणार. रुंद ब्रश घेतला तर एका दुपारचं काम, असं त्याचं म्हणणं. तिने आवाज न चढवता त्याला काठावर नेलं आणि वाळलेल्या फळीवर ओलं पांढरं फडकं घासून दाखवलं. फडक्याला रंग लागला, की फळीची रवानगी परत उन्हात.

दुसऱ्या दिवशी तो स्वतःचा पांढरा रुमाल घेऊन हजर. मग फळ्या वाहू लागला. मग तिला पलीकडच्या काठावरून, तिच्या घराजवळून, रोज पहिल्या होडीने आणू लागला. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, दोघांनाही सांगता आलं नसतं. आत्यांचं मात्र बारीक लक्ष होतं. पूर्वी प्रवासी चढले की होडी सुटायची, आता फळी वाळली की सुटते, असा टोमणा त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत.

“ते फडकं माझ्यावरही घासून बघशील?” त्याने एकदा विचारलं.

“कशाला?”

“रंग पक्का आहे का कळेल.”

ती खाली वाकून स्क्रू शोधत राहिली. स्क्रू तिच्या मुठीतच होता.

फळ्या संपल्या, उरला फक्त कठडा. तो काढता येण्यासारखा नव्हता, म्हणून खाली जाड कापड ताणूनच तो रंगवायचा होता. त्या दुपारी बाबांच्या औषधांसाठी तिला लवकर निघावं लागलं. घाईत तिने रंगाचं सामान ठेवलेल्या शेडची किल्ली त्याच्या हातात ठेवली, रंगाच्या डब्याचं झाकण घट्ट आहे ना तेवढं बघ म्हणाली, आणि गेली.

सकाळी पहिली होडी आलीच नाही. ती रस्त्याने वळसा घालून पोचली. नेमाप्रमाणे वाकली, ओंजळ भरली… आणि ओंजळीत निळे-जांभळे रंग फिरताना दिसले. रंगातल्या तेलाचा वास नाकात शिरला.

माझीच फळी कच्ची राहिली, हे पहिलं मनात आलं. ती वेड्यासारखी एकेका फळीवर फडकं घासत सुटली. फडकं पांढरंच. मग नजर वर गेली. एका बाजूचा कठडा ओला, चमकत होता.

जेटीखालच्या पाण्यात तो उभा होता. अंगातला शर्ट काढून पाण्यावरून फिरवत होता. शीळ नाही, काही नाही.

“मी केलं,” तो म्हणाला. “तुला दाखवायचं होतं, की माझ्याही हाताला येतं. डबा कठड्यावर ठेवला, होडी आपटली… आणि डबा गेला पाण्यात.”

आता ती ओरडेल म्हणून त्याने मान खाली घातली.

“डब्यात किती होता?” तिने विचारलं.

त्या शांत आवाजाने तो जास्तच हबकला. तळाशी होता, एवढंच कसंबसं बोलला.

तिने आत्यांना पाणीखात्याकडे पिटाळलं. तिकडे वस्तीला पाणी पुरवणारा पंप बंद झाला. आत्यांच्या घरची जुनी सुती पांघरुणं एकमेकांना बांधून दोघांनी तवंगाला वेढा घातला. तो होडी हळूहळू सरकवी, ती तेल टिपून घेई. ओल्या चिंध्या त्याने कोपऱ्यात रचल्या, तशी तिने त्या झटकन उचलून पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवल्या. तेलाच्या चिंध्यांचा ढीग आपोआप पेट घेतो, हे ऐकून त्याने उरलेल्याही घाईघाईने बुडवल्या.

दुपारपर्यंत तवंग दिसेनासा झाला. पाणीखात्याच्या माणसाने बाटलीत पाणी भरून नेलं. तपासणी होईपर्यंत पंप बंदच राहणार होता.

दोघं जेटीच्या टोकाला बसली. आता तिचा आवाज ओला झाला. “बाबांना शब्द दिला होता.”

“मी सांगतो त्यांना. आजच. दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत. नक्की.”

“ते रागावणार नाहीत. नुसते बघतील. ते जास्त वाईट.”

“बघू देत.” त्याने शर्टातलं पाणी पिळलं. “त्यांना दुसरंही एक विचारायचं होतं… तुझ्याबद्दल. आता कुठल्या तोंडाने विचारू?”

ती चमकली.

“आधी थेंबाचं सांग,” ती म्हणाली. “आणि किल्ली मी दिली होती, झाकण बघायला मी थांबले नव्हते, तेही सांग. चूक दोघांची आहे.”

“दोघांची?” त्याला आपल्या कानांवर विश्वास बसेना.

“हो.”

“आणि… दुसरं?”

“ते या पाण्याची ओंजळ पुन्हा पिता येईल, त्या दिवशी विचार. मी शेजारी बसलेली असेन.”

तो उठला. ओला शर्ट तसाच अंगात चढवून त्याने दोरी सोडली. खिडकीतून आत्या बघत होत्या, पण आज त्यांनीही टोमणा मारला नाही. शीळ न घालता तो होडीत बसला. वल्हं पाण्यात घालण्याआधी थांबला, त्याने खाली बघितलं, आणि मग हलकेच होडी पलीकडच्या काठाकडे वळवली.