काळ्या पडद्यामागचं स्टूल

ही कोणाच्या मामाच्या मित्राची गोष्ट नाही. माझ्या पोटच्या पोरीची आहे. पटत नसेल तर इथंच थांबा. अन् माझं मराठी रायपूरचं आहे, त्यात ‘मले-तुले’ येणारच. त्यावर हसायचं असेल तरी इथंच थांबा. तसल्या हसण्यानं माझं डोकं आधीच फिरलेलं आहे.

मागच्या वर्षीचा गणपती. विसर्जनाच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ. जागा, रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यातला आमच्या मंडळाचा हॉल. मंडळाचं नाव घेत नाही. रोज त्याच लोकायची तोंडं पाहायची आहेत मले.

मी कौमुदी. सरकारी ऑफिसात आहे. घरी सासरे रामकृष्ण, रेल्वेतून रिटायर झालेले. नवरा बिलासपूरला, शनिवारी येतो. अन् माझी यामिनी, अकरा वर्षांची. मराठी सगळं समजते, पण उत्तर हिंदीत देते. रंगानं काळी, अंगानं भरलेली.

आवाज मात्र असा की गायला लागली की शेजारचे टीव्ही बंद करायचे.

मंडळानं त्या वर्षी मुलांचं संगीत नाटक घेतलं होतं. एक पोट्टी असते, तिले सगळे दिसण्यावरून चिडवतात. मोठी होता होता तिले समजते की आपण आहोत तशाच चांगल्या आहोत. शेवटी ती आरशासमोर गाते, ‘आरशा रे, गप्प बस, मीच मला सांगते.’

बसवणाऱ्या मंजिरीताई. पुण्याच्या, नवीनच आलेल्या. त्यांनी यामिनीले निवडलं. शंकर नगरच्या स्टुडिओत तिच्या आवाजात गाणं रेकॉर्ड केलं. स्टेजवर ट्रॅक लावायचा अन् मुलांनी फक्त ओठ हलवायचे, अशी आजकाल पद्धत आहे.

रेकॉर्डिंग झालं अन् बाईंनी मले बाजूले घेतलं.

“कौमुदीताई, गैरसमज नको. आवाज यामिनीचाच राहील. फक्त स्टेजवर सोनिया उभी राहील. लांबून जरा... उठून दिसायला हवं ना.”

सोनिया गोरी. बारीक. तिचा काय दोष, लेकरूच ते.

मी म्हटलं, ताई, नाटक कशावर आहे हे तुम्ही वाचलं तरी का? त्या हसल्या. ट्रॅक अटकला तर माइकवर गायले यामिनी लागेल म्हणे, तिले काळ्या पडद्यामागं बसवू.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिले घरीच घेऊन येणार होती. पण यामिनीनंच हात धरला. “रहने दो ना मम्मी. गाना तो मेरा ही है.”

त्या एका वाक्यापायी मी गप्प बसली.

पुढच्या तालमीले मी समोर खुर्चीवर होती. ट्रॅक सुरू झाला. यामिनीचा आवाज आला.

अन् त्याच्याखाली... अजून एक.

मोठ्या मुलीचा. जाड, भरलेला. शब्द तेच, सूर तोच.

मंजिरीताई म्हणाल्या, हॉल जुना आहे, घुमतो. असेल, म्हटलं.

तालीम संपली. यामिनी पडद्यामागून आली तर फ्रॉक धुळीनं माखलेला. मी विचारलं, मागं स्टूल आहे ना, मंग खाली काहून बसली?

“स्टूल पे दीदी बैठती हैं ना.”

मी तशीच मागं गेली.

एक लाकडी स्टूल. तीन बाजूले भिंत. बाहेर जायले दार नाही, यायचं-जायचं ते स्टेजवरूनच.

कोणीच नव्हतं.

रात्रीच्या जेवणात मी हे बाबांले सांगतलं, म्हणजे सासऱ्यांले. त्यांचा घास हातातच राहिला. मंग हळूहळू बोलले. त्यांच्या जवानीत मंडळाची नाटकं त्याच हॉलमध्ये व्हायची. नायिका दिसायले सुंदर, पण गाता येत नसे. म्हणून गायले एक पोरगी मागं बसवायचे. तिले लहानपणी देवी आल्या होत्या, तोंडभर वण. कितीक वर्षं ती दुसऱ्यांसाठी गायली. टाळ्या समोर पडायच्या, हारही समोरच. एका गणपतीत नाटक संपलं अन् ती बाहेर आलीच नाही. लोकांनी पडदा सारून पाहिलं, तर नुसतं स्टूल.

घरीही पोचली नाही. पळून गेली, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

मी विचारलं, “नाव काय होतं तिचं?”

बाबांनी घास परत ताटात ठेवला. “नाव... नाही आठवत, पोरी. स्टूल मीच नेऊन ठेवायचो.”

त्या वर्षीच्या नायिकेचं लुगडं अंजिरी होतं, हे त्यांले आठवत होतं. सुखदुःखाले धावून येणारं घरचं माणूस, पण त्या रात्री मले त्यांचा असा राग आला की ताट तसंच टाकून मी उठली.

सकाळी यामिनीचा आवाज बसला होता.

मीठ-पाण्याच्या गुळण्या झाल्या, हळद-दूध झालं. रोज आवाज अजून कमी. समता कॉलनीतल्या डॉक्टरनं टॉर्च मारून पाहिलं. घसा एकदम साफ आहे म्हणे.

नाटकाच्या दिवशी नुसते ओठ हलत होते.

मी म्हटलं, जायचं नाही. ती रडली. बिनाआवाजाचं रडणं कधी पाहिलं आहे का तुम्ही? माझ्यानं नाही पाहावलं. शेवटी ठरवलं, मीही पडद्यामागं तिच्याजवळ बसते. हॉलवर जाऊन मंजिरीताईंले सांगतलं की पोरीची वाचा गेली. त्यांनी घड्याळ पाहिलं.

“काळजी करू नका. आवाज आपल्याकडे आहे ना, ट्रॅकमध्ये.”

कानाखाली एक द्यायची राहिली, एवढंच.

आम्ही मागं बसलो. खाली, जमिनीवर. स्टूल आमच्या शेजारी. त्याच्याकडं मी पाहत नव्हती.

शेवटचं गाणं आलं. पेटी वाजली, तबला वाजला. पडद्याच्या फटीतून सोनिया दिसत होती. तिनं तोंड उघडलं...

आवाज आलाच नाही.

नुसतं संगीत. पोरगी बिचारी ओठ हलवून राहिली. ट्रॅकमध्ये गाणंच नव्हतं. लोकायची कुजबुज सुरू झाली.

मंग माझ्या कानाजवळ कोणीतरी श्वास घेतला.

खोल. गायच्या आधी घेतात तसा.

अन् स्टूलावरून गाणं सुरू झालं.

‘आरशा रे, गप्प बस...’

माइक खाली पडलेला, बंद. तरी हॉल भरून गेला. यामिनीनं माझा पदर मुठीत धरला होता, अन् तिचे ओठ शब्दाशब्दाले हलत होते.

गाणं संपलं. टाळ्या... सोनियाले. ती तिथंच उभी राहून रडत होती.

मंजिरीताई माइक घेऊन पुढं आल्या. एकेकाचं नाव घेतलं. पडदा ओढणाऱ्याचं, समोसे देणाऱ्याचंसुद्धा. यामिनीचं नाही.

शेजारी स्टूल करकरलं.

गाणं पुन्हा सुरू झालं. पहिल्या ओळीपासून. संगीत नाही, काही नाही. नुसता तो आवाज, पहिल्यापेक्षा मोठा. टाळ्या थांबल्या. मंजिरीताई ‘बंद करा, बंद करा’ म्हणत होत्या. ट्रॅकवाल्यानं वायरच उपसून हातात धरली होती.

यामिनीचा चेहरा पांढरा पडत चालला होता. ती माझ्याकडं पाहत नव्हती. स्टूलाकडं पाहत होती, अन् थोडी थोडी तिकडं सरकत होती.

खरं सांगते, तेव्हा माझी भीती गेली. उरला तो संताप. एकीले गिळून बसले, आता माझीही पोट्टी पाहिजे काय या लोकायले?

मी तिले हाताले धरून उठवलं. पडदा असा ओढला की वरची दोरी तुटली. स्टेजवर आली, मंजिरीताईंच्या हातचा माइक हिसकला.

“हे गाणं यामिनीचं आहे. माझ्या पोट्टीचं. हिच्याकडं पाहा सगळे.”

आवाज अर्ध्या ओळीत थांबला.

सगळ्यांच्या माना आमच्याकडं वळल्या.

अन् माझ्या शेजारून यामिनीनं उरलेली ओळ गायली. स्वतःच्या आवाजात. ‘...मीच मला सांगते.’

त्या दिवसापासून तिचा घसा ठीक आहे. मंजिरीताईंनी ग्रुपवर लिहिलं की साउंडवाल्याची गडबड होती. लिहो बापडी. पालकांनी मोबाइलवर काढलेले व्हिडिओ मी पाहिले. सगळ्यांत सोनियाचे ओठ हलतात, टाळ्या ऐकू येतात.

गाणं एकातही नाही.

सगळं मिटलं, असं मीही समजली होती. पण यामिनी आता गाताना एक ओळ म्हणते अन् थांबते. पुरी एक ओळ होईल एवढं. काहून थांबली विचारलं तर म्हणते, दीदी की बारी है.

एकदा तिनं मले विचारलं, “मेरा नाम तो तूने बोल दिया मम्मी. उनका कौन बोलेगा?”

मी तात्यापाऱ्यातल्या एकेका म्हाताऱ्याच्या घरी जाऊन आली. आवाज सगळ्यांले आठवते. काय गळा होता म्हणतात, डोळे पुसतात. नाव एकालेही येत नाही. चहा पाजतात, अन् मी दात-ओठ खात परत येते.

आता गणपती पुन्हा जवळ आला आहे. काल संध्याकाळी बाबा चहा पिता पिता थांबले. म्हणाले, “कौमुदी, थांब... तिचं नाव आठवलं.”

मी समोर जाऊन बसली. आत यामिनी गाऊन राहिली होती. एक ओळ म्हटली, अन् थांबली.

बाबांनी तोंड उघडलं.

ओठ हलले. पुन्हा हलले. डोळे मोठे झाले.

आवाज निघालाच नाही.

कागद-पेन दिला तर बोटं थरथरतात, नुसत्या रेघा ओढल्या जातात. आज सकाळी त्यांले समता कॉलनीत नेलं. त्याच डॉक्टरनं टॉर्च मारून पाहिलं.

घसा एकदम साफ आहे म्हणे.