बटणावरचा हात

त्या दिवशी सकाळपासून माझं डोकं तापलेलं होतं, आणि त्याला कारण एकच, रणजीतसर.

आमचं ऑफिस जयपूरच्या सोडाला भागात, एका मिठाईच्या दुकानाच्या वर. दिवसभर खालून तुपाचा वास येतो. मी कोल्हापूरची, सर नाशिकचे, त्यामुळे इथं राहून भांडणं तरी मराठीत होतात. माझं काम वेबसाइट तपासायचं. म्हणजे मी एका एआय एजंटला सांगते, तो स्वतः ब्राउझर उघडतो, माणसासारखी बटणं दाबतो आणि काय झालं ते लिहितो. मी त्याला मराठीत लिहायला लावते.

ही वेबसाइट सीतापुऱ्यातल्या एका कापड छपाईच्या कारखान्याची होती. छापलेल्या कापडाचा रंग पक्का करायला तिथं वाफेची खोली आहे. तिचं दार आता वेबसाइटवरूनच उघडणार, वेबसाइटवरूनच लागणार, आणि लागलं की वाफ आपोआप सुरू. आतली कडी वाफेनं सारखी गंजते म्हणून मालकानं काढूनच टाकली होती. सरांनी त्यालाही मान डोलावली.

"अहो, आत कुणी राहिलं तर?"

"कोण राहतंय? तू बटण तपास. संध्याकाळी साइट चालू करायचीय."

तळपायाची आग मस्तकात गेली. कापड टांगायला बाया आत जातात, हे ह्यांना माहीत होतं. माणसं शिजली तरी चालतील, ह्यांची संध्याकाळ चुकायला नको!

मी एजंट सुरू केला. साइट अजून खऱ्या दाराला जोडलेली नव्हती. त्यानं पान उघडलं, 'बंद करा' या बटणापाशी गेला आणि थांबला.

"बटण दाबता येत नाही. त्याच्यावर काहीतरी आहे."

हे नेहमीचं. कधी जाहिरात आडवी येते, कधी एखादी चौकट. मी पान बघितलं. बटण मोकळं होतं. मी स्वतः दाबलं तर दाबलंही गेलं.

पुन्हा चालवला.

"बटणावर हात आहे."

डोंबलाचा हात! मी त्यानं काढलेलं पानाचं चित्र मोठं करून पाहिलं. पांढरं पान, निळं बटण, बाकी काही नाही.

"कुणाचा हात?" मी टाइप केलं.

"बाईचा. बांगड्या आहेत. बोटांची कातडी सुटली आहे."

पंखा चालू होता, तरी मला मानेवर ओलसर ऊब जाणवली. तुपाच्या वासात ओल्या रंगाचा वास मिसळला होता. तो आमच्या ऑफिसात यायचं काही कारण नव्हतं.

सरांना दाखवलं तर ते हसले. "बरळतोय तो. ती तपासणी वगळ."

"नाही वगळणार. आधी आतून उघडायची सोय करा."

"तू मला शिकवू नकोस, उत्कर्षा."

"कुणीतरी शिकवायलाच हवं तुम्हाला!"

सरांनी गाडीची किल्ली उचलली आणि तरातरा खाली उतरले.

दुपारी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. साइट खऱ्या दाराला जोडून झाली होती. सर वाफेच्या खोलीच्या मधोमध उभे होते. मागे स्टीलच्या भिंती, वर रिकाम्या दांड्या. कारखान्याचे सुपरवायझर योगेशजी दाराबाहेर होते.

"बघ, डोळे फाडून बघ! कुठाय तुझी बाई? चालव तुझा एजंट. दार काही लागत नाही त्याच्यानं."

"सर, आता दार खरं आहे. बाहेर या आधी."

"चालव म्हणतोय ना! का घाबरलीस?"

घाबरलीस म्हणे. मी दातओठ खाऊन चालवला.

"हात बाजूला झाला. बटण दाबलं."

फोनमधून जड आवाज आला. सरांनी वळून बघितलं. दार लागलं होतं.

"योगेशजी!"

पलीकडून पुसट ओरडणं ऐकू आलं. "सरजी, खुल नहीं रहा!"

मग कुठूनतरी फुसफुस सुरू झाली.

"उत्कर्षा, उघड!"

मी एजंटला 'उघडा' दाबायला सांगितलं.

"या बटणावर हात आहे."

"अगं बाई, काढ ना हात!" मी स्क्रीनवर ओरडले.

फोनमधलं चित्र पांढरं होत चाललं. सर दारावर थापा मारत होते, माझं नाव घेत होते. आयुष्यात पहिल्यांदा ते मला 'प्लीज' म्हणाले.

मी माउस हातात घेतला. बाण 'उघडा' वर नेला.

एजंटला मी काहीच विचारलं नव्हतं. तरी त्यानं लिहिलं,

"आता बटणावर दोन हात आहेत."

मी माझ्या हाताकडे पाहिलं. बोट माउसवर टेकलेलं होतं. ते दाबत नव्हतं.