जुने पार्ट मालकाला परत

आमगावच्या खेमराज मिस्त्रीची एक रीत होती. गाडीतून काढलेले झिजके पार्ट तो कापडी पिशवीत घालून मालकाच्या हातात द्यायचा. नवे टाकल्याचा तोच पुरावा. शिवाय नव्या बेअरिंगच्या पाठीवर खिळ्याने ‘खे’ आणि तारीख कोरायचा. लोक म्हणायचे, मिस्त्री असावा तर असा इमानी! हे ऐकलं की खेमराज मान खाली घालून पाना उचलायचा. का, ते फक्त त्यालाच ठाऊक होतं.

२०१३ च्या ऑक्टोबरात त्याच्या मुलाने, राजदीपने, राजनांदगावकडून एक जुनी जीप आणली. तीन वर्षं घरी बसलेला पोरगा आता दरेकशाच्या धबधब्याकडे प्रवासी नेणार होता. जीपचं मीटर चार लाखांपुढे गेलेलं, इंजिनात खटखट. खेमराज सकाळच्या गाडीने गोंदियाला गेला आणि रिंगा, बेअरिंग, सगळं नवं घेऊन दुपारी परतला.

“कंपनीचं इंजिन हाये बाबा,” राजदीप म्हणाला. “आजवर कोनी खोललंच नाई.”

ते खरंच दिसत होतं. नटांवरचा मूळ रंगसुद्धा खरवडलेला नव्हता. खेमराज जीपखाली सरकला, काळं तेल घमेल्यात सोडलं, इंजिनाच्या तळाचा चेंबर उतरवला. जळक्या तेलाचा वास नाकात बसला. अर्ध्या बांगडीसारखे बेअरिंगचे तुकडे तो एकेक काढू लागला. बाहेर रस्त्यावर ऊन होतं, पण गाडीखाली हाताला हात दिसेना. तेल थेंबाथेंबाने घमेल्यात पडत होतं... टप... टप... तिसऱ्या रॉडचा तुकडा त्याने फडक्याने पुसला आणि बॅटरीच्या उजेडात धरला.

खे. १४-५-०१.

अक्षर त्याचंच होतं. ती तारीख तर तो बारा वर्षं पोटात घेऊन जगत होता. त्या दिवशी दुलीचंदची जीप त्याने खोलली होती. दुसऱ्या दिवशी तिला दरेकशाला वरात न्यायची होती आणि त्या मापाचं बेअरिंग गोंदियात कुठेच मिळालं नाही. दोस्ताला नाही म्हणायला जीभ रेटेना. मग जुनंच बेअरिंग घासूनपुसून परत बसवलं, मेल्या सवयीने त्यावर तारीखही कोरली. दुसऱ्याच एका गाडीचे झिजके तुकडे पिशवीत घालून ती दुलीचंदच्या हाती दिली. आठवडाभराने गुपचूप बदलून टाकू, असा विचार होता. वऱ्हाड पोचवून दुलीचंद एकटा परतत होता तेव्हा उतारावर इंजिन जाम झालं, मागची चाकं धरली आणि जीप नाल्यात गेली. दुलीचंद जागीच गेला. त्याला डुलकी लागली असेल, असं गाव म्हणालं. खेमराजनेही मान डोलावली. ती जीप पुढे त्याच्या डोळ्यांदेखत भंगारात तुटली होती.

“काय झालं बाबा?”

“काई नाई...” त्याने तुकडा खिशात टाकला.

नवी बेअरिंग त्याने दोनदोनदा तपासून बसवली. त्यांवर तारीख कोरली, २२-१०-१३. इंजिन सुरू केलं तर आवाज एकदम नितळ.

सकाळी राजदीप सहा प्रवासी घेऊन दरेकशाला निघाला. जीप वळणापर्यंत गेली आणि खेमराजला ऐकू आलं... खट... खट... खट. त्याचा हात खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता.

“राजदीप! थांब!” तो धावला, पण जीप कधीच दिसेनाशी झाली होती. फोन लावला. ‘कव्हरेज क्षेत्र से बाहर’ एवढंच एक बाई सांगत राहिली.

मागे कुणीतरी उभं होतं. शामकला, दुलीचंदची बायको. बारा वर्षांत तिने या गॅरेजची पायरी चढली नव्हती. तिच्या हातात दुलीचंदला दिलेली ती कापडी पिशवी होती.

“भाऊ, दिवाळीची झाडझूड करून राहिली होती,” ती हळूच म्हणाली. “आमच्या यायनं आनलेली पिशवी कधी खोललीच नवती मी. आज हात लावला त... गरम लागली.”

तिने पिशवी त्याच्या ओंजळीत उपडी केली. आतून दोन तुकडे पडले. नवे, चकचकीत. त्यांच्यावर कोरलं होतं, खे. २२-१०-१३.

शामकलाला वाचता येत नव्हतं. पण झिजकं काय आणि नवं काय, हे ड्रायव्हरच्या बायकोला कुणी शिकवावं लागत नाही. ती त्या तुकड्यांवर वाकली.

“नवे पार्ट त पिशवीतच हायेत भाऊ... मंग गाडीत काय टाकलं होतं तुमी?”

चालत्या इंजिनातून काढल्यासारखे ते तुकडे खेमराजचे हात भाजत होते, आणि त्यांच्यावरून तेल गळत होतं... टप... टप...

मग एकाएकी ते थंडगार पडले.