आनीच्या उंबऱ्याचा दगड

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या मुलाच्या, गुरुदत्तच्या, कपाळावर तिची खूण आहे. केस पुढे ओढून तो ती झाकतो.

रात्र नव्हती. भर दुपार होती. २००४ सालची किंक्रांत. जर्सी सिटीत बर्फ पडून गेला होता आणि लख्ख ऊन होतं.

गुरू आणि सून हिमानी एका जुन्या घरात खालच्या मजल्यावर भाड्याने राहत. मी त्यांच्याकडे गेले होते. वर घरमालकीण आनुश, माझ्याच वयाची आर्मेनियन बाई. तिला मराठी येत नव्हतं, मला इंग्रजी. तरी आमचं जमायचं. आदल्या दिवशी मी तिला तिळगूळ दिला, तिने मला सुकवलेले जर्दाळू.

मागच्या दाराशी तिचा एक दगड होता. तांबूस काळा, मधे झिजलेला, कडेला अक्षरं कोरलेला. मला अक्षरं उशिरा आली, त्यामुळे दिसेल ते वाचून बघायची सवय. ही काही लागेनात.

"आनी नावाचं शहर होतं म्हणे, हजार वर्षांपूर्वी," हिमानीने सांगितलं होतं. "सगळीकडे चर्च. आता नुसत्या पडक्या भिंती आणि गवत. तिच्या आजोबांनी तिथून आणलाय."

त्या दुपारी गुरूने नवी गाडी आणून मागच्या अंगणात लावली.

"आज नको रे," मी म्हटलं. "किंक्रांत आहे. उद्या पूजा कर."

"आई, अमेरिकेत कसली किंक्रांत? उद्या सकाळी हीच गाडी घेऊन निघायचंय आम्हाला."

"पटकन कर ना यार," हिमानी आतून ओरडली. "गाडी राहू दे, तूच गारठशील!"

मी गाडीला हळदकुंकू लावलं. चाकांखाली लिंबं ठेवली. नारळ फोडायला दगड हवा होता, आणि सगळीकडे बर्फ.

गुरूने इकडेतिकडे पाहिलं. आणि नारळ आनुशच्या दगडावर आपटला.

एकदा. दोनदा. मग फुटला.

पाणी दगडावर सांडलं... आणि नाहीसं झालं.

ओघळ नाही. ओलही नाही. दगडाने ते पिऊन टाकलं.

पलीकडे कुणी फावड्याने बर्फ ओढत होतं. तो आवाज थांबला. रस्त्यावरच्या गाड्यांचाही.

"तू आत जा आई, मी लिंबांवरून गाडी घेतो."

मी आत आले. दार लोटलं. लॅच लागलं.

आणि... लांबून घोडे आले.

बर्फावर टापा वाजत नाहीत. या वाजत होत्या. फरशीवर वाजाव्यात तशा.

मग किंकाळ्या. बायकांच्या, लेकरांच्या. मधेमधे कोयत्याने भोपळा फोडावा तसा आवाज. एकामागून एक. प्रत्येक आवाजानंतर एक किंकाळी कमी.

मग दारावर हात पडले. मुठी नव्हत्या. तळवे होते. शेकडो.

हिमानीने पडदा सारला. अंगणात कुणीच नव्हतं. गाडीचं दार उघडं होतं.

गुरू नव्हता.

आनुश जिन्यावरून धडपडत खाली आली. हिमानीचे दंड धरून ती भराभरा बोलू लागली. हिमानी पांढरीफटक पडली.

"आई, तो दगड चर्चच्या उंबऱ्याचा आहे. शत्रू शहरात घुसला तेव्हा लोक त्या दाराशी धावले. आतल्यांनी उघडलंच नाही. सगळ्यांची डोकी त्या उंबऱ्यावर..."

नारळ माणसाच्या डोक्याच्या बदल्यात फोडतात, हे आपल्याकडे पोरालाही ठाऊक असतं.

"आई!" दाराबाहेरून आवाज आला. "आई, दार उघड!"

मी लॅचला हात घातला. आनुशने माझं मनगट पकडलं. "नो! नो!"

"ती म्हणतेय तो गुरू नसेल," हिमानी रडत होती. "आणि असला तरी त्याच्यामागून ते सगळे येतील. त्यांच्यामागून मारणारे."

"आई गं..."

आवाज खाली सरकला. बाहेर कुणीतरी गुडघ्यांवर कोसळलं होतं.

मी आनुशला ढकललं. ती जिन्यावर आपटली. मी दार उघडलं.

गुरू माझ्या अंगावर पडला. कपाळापासून कानापर्यंत फाटलं होतं, हाड दिसत होतं.

त्याच्याबरोबर गर्दी आत शिरली. दिसलं कुणीच नाही. पण माझ्या खांद्यांना खांदे घासत गेले. शेवटी एक लहानसं ओलं बोट माझ्या पदराला अडकलं...

मी जिवाच्या आकांताने दार लावलं. बोट सुटलं, बाहेरच राहिलं.

त्याच क्षणी बाहेरून घाव बसला. लाकूड आतपर्यंत चिरलं.

दवाखान्यात विचारलं, कुऱ्हाड कुणी मारली? गुरूला काहीच आठवेना. पोलिसांना अंगणभर अनवाणी पावलं दिसली. सगळी दाराकडे येणारी. परत जाणारं एकही नाही.

दुसऱ्या दिवसापासून आनुश जिन्याच्या प्रत्येक पायरीवर पाव ठेवू लागली. सकाळी पाव नसायचा. माझ्याशी ती पुन्हा बोलली नाही.

गुरूने ते घर सोडलं. पण तो अजून दाराला पाठ लावूनच झोपतो. एकदा मी विचारलं, "आता कोण येणार आहे रे?"

त्याने केस कपाळावर ओढले.

"आई, तू दार लवकर लावलंस."

मी आता कराडला असते. दुपारी कधीकधी दारावर तळवा पडतो. अगदी खाली... लहान मुलाचा हात पोचेल तिथे.

मी उठून उघडते. दर वेळी उघडते.

अजून आत कुणी आलेलं नाही.